प्रार्थनेची फळी : मुलांना हाताशी घेऊन घरात एक कोपरा उभा करताना

घरात लहान मुलं असली की प्रार्थनेची जागा आपोआप वर सरकते. दिवा आहे, काच आहे, ग्रंथ फाटेल, काहीतरी सांडेल. म्हणून ती मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर जाते आणि मुलांच्या वाट्याला येतं मान वर करून बघणं आणि "हात लावू नकोस" हे एक वाक्य. पुढे मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की आपणच विचारतो, याला यात गोडी का नाही?

माझं म्हणणं साधं आहे. जी जागा मुलानं स्वतः मोजली, घासली, जिच्यात एखादा स्क्रू पिळला, ती जागा त्याच्या ओळखीची होते. त्यातून श्रद्धा येईलच असं नाही. ती कुणी कुणाच्या मनात ठोकून बसवू शकत नाही. पण ओळखच नसेल तर पुढचं काहीच घडत नाही. म्हणून जागा तयार मिळत असली तरी एकदा ती घरी करून बघा, आणि मुलांना हाताशी घेऊन करा.

ज्यांनी आजवर भिंतीत खिळासुद्धा ठोकलेला नाही अशा आई-वडिलांसाठी हे लिहितो आहे. आपण दोन फळ्या लावणार आहोत. खालची मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला आणि वरची लहानांचा हात पोचणार नाही अशा उंचीला. दोन कशाला, हे पुढे ज्योतीचा विषय आला की कळेल. कामाला दोन सुट्ट्या द्या. एका दिवसात उरकायला गेलात तर दुपारनंतर तुम्ही एकटेच काम करत असाल आणि मुलं कधीच खेळायला पळालेली असतील.

आधी जमिनीवर बसा

लाकूड आणायच्या आधी सगळ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन जमिनीवर बसायचं. फळीवर काय ठेवायचं, हा पहिला प्रश्न. कुणाकडे मूर्ती असते, कुणाकडे तसबीर, कुणाकडे फक्त ग्रंथ. काहींच्या श्रद्धेत प्रतिमा नसतेच. तिथे भिंत मोकळी ठेवायची, हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो आणि तो मुलांना तसाच समजावून सांगावा. जे ठेवायचं ते जमिनीवर मांडा, त्याभोवती खडूनं चौकट आखा आणि ती मुलांना मोजू द्या. बहुतेक घरांत ६० सेंमी लांबी पुरते. वरच्या फळीची खोली २० सेंमी ठेवा, खालचीची १५. खालची अरुंद, कारण ती उठता-बसता मुलांच्या डोक्याच्या वाटेत येणार आहे.

आई-वडिलांपैकी एकाची श्रद्धा आहे आणि दुसऱ्याची नाही, किंवा दोघांच्या दोन वेगळ्या आहेत, असं असेल तर ती चर्चा या बैठकीआधी दोघांनीच करून घ्या. मुलांसमोर फळीच्या निमित्तानं जुना वाद उकरून काढू नका. श्रद्धा नसलेल्या पालकानं कामातून अंग काढायची मात्र गरज नाही. भिंतीला छिद्र पाडायला श्रद्धा लागत नाही, आणि दोघंही हात लावताहेत हे मुलांना दिसलेलं फार चांगलं.

मग जागा. येण्याजाण्याची वाट नको, पडद्याशेजारी नको, पंख्याच्या थेट झोतात नको. न्हाणीघराला किंवा स्वयंपाकघराच्या मोरीला लागून असलेली भिंत शक्यतो टाळा, कारण तिच्या पोटात पाण्याचे नळ असतात. टीव्हीची भिंतही सोडा; तिथे लक्ष कुणाकडे जाईल हे सांगायला नको. तुमच्या प्रार्थनेत जमिनीला डोकं टेकणं असेल तर घरातल्या सगळ्यात उंच माणसाला तिथे बसवून, वाकवून, खरोखर जागा पुरते का ते पाहा. दिशेचा आग्रह असेल तर फोनमधल्या होकायंत्रानं बघता येतं, पण लोखंडी कपाट, फ्रिज किंवा स्पीकरजवळ उभं राहून बघितलंत तर सुई भलतीकडे जाते. खोलीत दोन-तीन ठिकाणी उभं राहून ताडून घ्या. मुलांना हा भाग फार आवडतो, त्यामुळे तो त्यांच्यावरच सोपवा.

लाकूड आणि हत्यारं

पहिल्यांदा करणाऱ्यांनी १८ मिमी जाडीचं चांगलं प्लायवूड घ्यावं. ते वाकत नाही, सरळ कापलेलं मिळतं आणि पुरेसं मजबूत असतं. अखंड लाकूड दिसायला देखणं, पण हवेतला ओलावा बदलला की ते फुगतं-आकसतं आणि कधीकधी वाकतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी, स्वस्त आणि गुळगुळीत असलं तरी ते घासल्यावर उडणारी धूळ फार बारीक असते आणि त्यात फॉर्माल्डिहाइडवर आधारलेली राळ असते. मुलांच्या हातात घासकागद द्यायचाच असेल तर ते नको. आणखी एक गोष्ट अगदी ठामपणे सांगतो: जुन्या दाराची किंवा खिडकीची रंगवलेली फळी भावनेपोटी वापरायचा मोह होईल, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो रंग घासला की शिसं धुळीतून मुलांच्या पोटात जातं, आणि वाढत्या मेंदूला त्यानं होणारं नुकसान भरून येत नाही. आजोबांच्या दाराची आठवण दुसऱ्या कुठल्या तरी रूपात जपा.

फळ्या विकत घेतानाच मापात कापून घ्या. करवत चालवण्यात मजा आहे, पण पहिल्या कामात वाकडी कापलेली कड पुढे प्रत्येक पायरीवर छळते.

याशिवाय टेप, गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, पेन्सिल, पाणसळ म्हणजे बुडबुड्याची लेव्हल, ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, चार एल आकाराचे ब्रॅकेट, भिंतीसाठी प्लास्टिकचे प्लग आणि त्यात बसणारे स्क्रू, फळीसाठी १६ मिमीचे आखूड स्क्रू, एक हाताचा स्क्रूड्रायव्हर आणि भिंतीत ठोके देत भोक पाडणारं ड्रिल. ड्रिल विकत घेऊ नका, उसनं आणा. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू आहे. डोळ्यांवरचे चष्मे आणि मास्क मात्र मुलांच्या मापाचे आणा. मोठ्यांचा चष्मा लहानाच्या नाकावरून घसरतो आणि मग तो कपाळावर राहतो.

कुणी काय करायचं

वयाचे आकडे इथे ढोबळ आहेत, तुमचं मूल तुम्हाला जास्त माहीत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या आसपास स्क्रू, प्लग असलं काहीच ठेवू नका. ते थेट तोंडात जातं. त्याला एक ओलं फडकं द्या आणि पुसायला सांगा. चार-पाच वर्षांचं मूल घासू शकतं, खुणा करू शकतं, "आता पुढचा कागद" म्हणून हातात देऊ शकतं. सहा-सात वर्षांचं मोजतं आणि आधी भोक पाडलेलं असेल तर हातानं स्क्रू पिळतं. नऊ-दहाच्या पुढे लाकडात ड्रिल चालवायला हरकत नाही, पण फळी टेबलाला शिकंज्यानं घट्ट बांधलेली हवी, केस मागे बांधलेले हवेत, अंगात ढगळ कपडे नकोत आणि तुम्ही शेजारी हवे. भिंतीतलं भोक फक्त मोठ्यांनी पाडायचं. त्यावर घासाघीस नाही.

दोन मुलं असतील तर भांडण कामावरून नाही, हत्यारावरून होतं. म्हणून घासकागद, पेन्सिल, फडकं हे सगळं प्रत्येकी एकेक ठेवा. टेप मात्र दोन नको. दोन वेगळ्या टेपमध्ये एखाद्या मिलिमीटरचा फरक निघतो आणि मग कुणाचं माप खरं यावर संध्याकाळ जाते.

टेपच्या टोकाला असलेली पत्र्याची आकडी किंचित हलते, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. "बाबा, हा टेप बिघडलाय!" बिघडलेला नसतो. ती आकडी तिच्या स्वतःच्या जाडीइतकीच हलावी अशी बसवलेली असते. कडेला अडकवून ओढलात तर ती बाहेर येते, आतल्या बाजूनं भिंतीला टेकवलात तर ती आत जाते, आणि दोन्ही वेळा माप बरोबर येतं. हे एकदा दाखवलं की पुढचा अर्धा तास घरातली प्रत्येक वस्तू मोजली जाते. मोजू द्या.

घासणं

सगळ्या कामात मुलांचा खरा वाटा इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

पॉलिश पेपरचा नंबर वाढला की दाणा बारीक होतो. ८० नंबर खरखरीत. तो फक्त कापलेल्या कडांवर वापरा. प्लायवूडच्या वरचा थर पातळ असतो, त्यावर ८० नंबर चालवला तर थर निघून खालचा गोंद दिसायला लागतो. वरच्या बाजूला थेट १२०, मग २२०. कागद लाकडाच्या एका चपट्या ठोकळ्याला गुंडाळा, म्हणजे बोटांचे खड्डे पडत नाहीत. घासायचं ते रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं तर ओरखडे उठतात आणि ते आत्ता दिसत नाहीत, पॉलिश लावल्यावर दिसतात.

चारही कोपरे गोल करायचे. एखादं लहान झाकण कोपऱ्यावर ठेवून मुलाला पेन्सिल फिरवू द्या आणि त्या रेषेपर्यंत कानशीनं, मग ८० नंबरनं घासा. खालच्या फळीवर ही पायरी कधीही गाळू नका. धावत आलेल्या मुलाचं कपाळ आणि टोकदार कोपरा यांची गाठ कधी ना कधी पडतेच.

शेवटी ओल्या फडक्यानं फळी पुसा आणि वाळू द्या. लाकडाचे बारीक तंतू ओलाव्यानं उभे राहतात, फळी पुन्हा खरखरीत लागते. मग २२० चा हलका हात. आता मुलाला डोळे मिटून तळहात फिरवायला सांगा. जिथे अडकेल तिथे आणखी थोडं. मुलांचा हात या बाबतीत आपल्यापेक्षा तरबेज असतो.

एका ठिकाणी थोडं जास्त घासलं जाईल, एखादा कोपरा दुसऱ्यापेक्षा गोल होईल. मुलं झोपल्यावर तो "नीट" करायला बसू नका. त्यांना सकाळी कळतं.

पॉलिश

मुलांबरोबर काम असेल तर पाण्यात मिसळणारं वार्निश घ्या. वास कमी, ब्रश पाण्यानं धुता येतो. पातळ हात, वाळल्यावर २२० चा एक हलका फटका, पुन्हा पातळ हात. दोन-तीन हात पुरे. हाताला कोरडं लागलं म्हणजे ते पक्कं झालं असं नाही; आत ते कित्येक दिवस घट्ट होत राहतं. तेवढे दिवस फळीवर जड वस्तू ठेवली तर तिचा ठसा उमटतो.

लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण गरम भांडं किंवा पाणी लागलं की पांढरे डाग पडतात. ज्योत ठेवायच्या फळीला ते नको. जवसाचं तेल लावणार असाल तर एक धोका नीट समजून घ्या: हे तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर ती उष्णता आत साठते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पॉलिशआधी फळीच्या खालच्या बाजूला मुलांना पेन्सिलीनं हवं ते लिहू द्या. नाव लिहितील, चित्र काढतील, एखादं मूल गणित सोडवून ठेवेल. वरून वार्निश गेलं की ते टिकतं.

भिंत

आता कामाचा कठीण भाग, आणि तो तुमचा.

आधी ब्रॅकेट फळीला लावून घ्या. फळी टेबलावर उलटी ठेवा, तिची मागची कड भिंतीला टेकवा, ब्रॅकेटही भिंतीला टेकवा; म्हणजे दोन्ही एका पातळीत येतात. ब्रॅकेट दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण पाचव्या हिश्शावर, म्हणजे ६० सेंमीच्या फळीला १२ सेंमी आत. अगदी टोकाला लावले तर फळी मध्ये झुकते, मध्ये आणले तर टोकं झुकतात. ब्रॅकेटचे दोन हात असमान असतील तर लांब हात भिंतीकडे. त्यामुळे वरच्या स्क्रूवरची ओढ कमी होते. फळीत २.५ मिमीची भोकं आधी पाडून ठेवली की मुलं १६ मिमीचे स्क्रू हातानं पिळू शकतात. स्क्रू याहून लांब नको, नाहीतर टोक वरून बाहेर येईल आणि कुणाच्या तरी तळहाताला सापडेल.

उंची ठरवायला मुलाला त्याच्या जागेवर बसवा आणि डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. खालची फळी त्या खुणेच्या १५-२० सेंमी खाली, म्हणजे फळीवरच्या वस्तू डोळ्यांसमोर येतात. वरच्या फळीसाठी घरातल्या सगळ्यात लहान मुलाला टाचा उंचावून हात वर करायला सांगा. बोटं पोचतात त्याच्या वर निदान एक वीत. वरची फळी खालचीच्या बरोबर डोक्यावर आणू नका, एका बाजूला सरकवा. वरून काही पडलंच तर ते खाली बसलेल्या मुलावर पडता कामा नये.

पाणसळ ठेवून रेघ मारा. फरशीच्या किंवा छताच्या रेषेवर विसंबू नका, त्या बऱ्याचदा तिरप्या असतात. बुडबुडा मध्ये आला की नाही हे सांगायचं काम सगळ्यात धाकट्याचं.

छिद्र पाडण्याआधी आसपास स्विच किंवा प्लगचा बोर्ड आहे का ते पाहा. भिंतीतल्या वायरी बहुधा बोर्डापासून सरळ वर, खाली किंवा आडव्या गेलेल्या असतात. त्या पट्ट्यात ड्रिल लावायचं नाही. भिंत बोटानं ठोकून बघा. घट्ट, बसका आवाज आला तर वीट किंवा काँक्रीट आहे. ढोलासारखा पोकळ आवाज आला तर ती आतून पोकळ पत्र्यांची किंवा जिप्समची भिंत असू शकते. तिथे साधे प्लग धरत नाहीत. आतला सांगाडा शोधून त्यात स्क्रू मारावा लागतो किंवा पोकळ भिंतीसाठीचे खास अँकर लागतात. शंका असेल तर सुताराला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

विटेच्या भिंतीत ६ मिमीचा काँक्रीटचा बिट, म्हणजे ड्रिलला बसवायचं भोक पाडणारं टोक, आणि ६ मिमीचा प्लग. प्लगच्या लांबीहून थोडं जास्त खोल भोक हवं. तेवढ्या अंतरावर बिटला चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे कुठे थांबायचं ते कळतं. वरचा गिलावा धरत नाही, पकड विटेत असते. म्हणून अगदी आखूड प्लग घेऊ नका. भोकाच्या खाली एक पाकीट उघडं करून भिंतीला चिकटवलं तर धूळ त्यात पडते. मुलं या वेळी दाराबाहेर, कानांवर हात ठेवून. भोकातली धूळ फुंकून काढू नका, ती डोळ्यात येते. व्हॅक्युमनं किंवा जुन्या ब्रशनं काढा. प्लग हलक्या हातोडीनं ठोका. तो बोटानं सहज आत गेला तर भोक मोठं झालंय, मोठा प्लग लागेल. शेवटचे स्क्रू पुन्हा मुलांना आवळू द्या आणि नंतर तुम्ही एकेक तपासा.

खालच्या फळीला मुलं लटकणार, हे गृहीत धरा. सहा वर्षांचं मूल साधारण २० किलोचं असतं. म्हणून काही मांडायच्या आधी दोन्ही हातांनी फळीवर जोरात भार देऊन बघा. ती जराही हलली तर आत्ताच उतरवा.

ज्योत, धूर, बॅटरी

दिवा असो वा मेणबत्ती, ती वरच्या फळीवर, काठ असलेल्या धातूच्या ताटलीत. फळीच्या पुढच्या कडेला दोन सेंमी उंचीची लाकडी पट्टी चिकटवली तर ताटली घसरून पडत नाही. ज्योतीपासून निदान ३० सेंमीच्या आत पडदा, कागद, वाळलेली फुलं, कापडी तोरण काही नको, आणि डोक्यावर तर याहून बरंच मोकळं हवं, कारण उष्णता वर जाते. खोलीतून शेवटचा मोठा माणूस बाहेर पडताना ज्योत शांत करायची. याला सणावारीही सवलत नको.

धुराबद्दल थोडं अप्रिय बोलायला हवं. उदबत्तीच्या किंवा धूपाच्या धुरात अतिसूक्ष्म कण असतात आणि बंद खोलीत ते साठतात. खिडकी उघडी ठेवा. घरात दम्याचं मूल असेल तर धूर सोडूनच द्या. मुलाला खोकला लावून केलेली प्रार्थना कुणाला पोचत असेल असं मला वाटत नाही.

"मग आम्ही बॅटरीवरची मेणबत्ती लावतो," असं बरेच जण म्हणतात. लावा, पण तिच्या पोटात बहुधा नाण्यासारखी चपटी बॅटरी असते आणि ती लहान मुलानं गिळली तर अन्ननलिकेत दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. झाकण स्क्रूनं बंद होणारीच घ्या. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरी वाट बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणि कुणाला चटका बसलाच तर २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली. बर्फ, टूथपेस्ट, तूप यातलं काही लावायचं नाही. हे मुलांनाही पाठ करून द्या, त्यांना पाठ करायला आवडतं.

रोजचं बसणं

फळी लागली. आता तिथे बसायचं कसं?

नवी वेळ शोधू नका. जी गोष्ट रोज न चुकता होते, संध्याकाळची अंघोळ किंवा झोपायची तयारी, तिलाच हे जोडा. पाच मिनिटं पुरेत. लहान मुलांना रोज तेच शब्द आवडतात. आपल्याला कंटाळा येतो म्हणून रोज काही नवं शोधायला जाऊ नका. आणि रोज अर्थही सांगत बसू नका. अर्थ ते विचारतील तेव्हा सांगा.

कामं वाटून द्या: फळी पुसणं, वाचायचा भाग निवडणं, शेवटचं वाक्य म्हणणं. सम तारखा एकाच्या, विषम तारखा दुसऱ्याच्या, ही सोपी पद्धत. फक्त ३१ तारखेनंतर १ येते आणि विषमवाल्याला सलग दोन दिवस मिळतात, हे तुमच्या लक्षात येण्याआधी समवाल्याच्या लक्षात येईल. उत्तर तयार ठेवा.

खालच्या फळीवर झाकणाची एक डबी ठेवा, ज्योतीपासून लांब. आजारी मैत्रीण, गावाला गेलेले आजोबा, हरवलेली मांजर, ज्याची आठवण ठेवायची त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून डबीत टाकायचं. लिहिता न येणारं मूल चित्र काढेल. मोठ्यांनीही टाकावी. चिठ्ठ्या उघडून वाचायच्या नाहीत, हा नियम मोठ्यांना जास्त जड जातो.

खालची फळी मुलांची आहे हे एकदा म्हटलं की मग तिथे गुळगुळीत दगड येतील, पीस येईल, मेलेला भुंगा येईल. एक दिवस प्लास्टिकचा डायनासोरही येईल. राहू द्या. "हे इथे शोभत नाही" म्हणालात की फळी पुन्हा तुमची झाली. वास येणारं आणि टोचणारं तेवढं बाहेर काढा.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कडक आहे. या जागेसमोर मुलाच्या दिवसभराच्या चुकांचा पाढा वाचायचा नाही. "चल, आता माफी माग" म्हणून खेचून आणायचं नाही, शिक्षा म्हणून बसवायचं नाही, आणि मार्क चांगले पडावेत म्हणून जास्त वेळही बसवायचं नाही. असं दोन-चारदा झालं की मुलाच्या मनात ही जागा आणि मुख्याध्यापकांची खोली यात फरक उरत नाही. तुमचं स्वतःचं काही चुकलं असेल, मुलावर उगीच ओरडला असाल, तर तिथे बसून ते तुम्हीच मोठ्यानं म्हणा. त्याचा उपयोग होतो.

प्रश्न येतील. "देव दिसत का नाही?" "आपण मागितलं तरी आजी का गेली?" "शेजारचे वेगळी प्रार्थना करतात, मग कुणाची खरी?" तयार उत्तर तोंडावर फेकू नका. "मला नक्की माहीत नाही, पण मी असं मानतो," हे वाक्य मुलांना पचतं. खोटा ठामपणा त्यांना ओळखू येतो. आजीच्या प्रश्नाला तर उत्तर देण्याआधी थोडं जवळ घ्या. "आजी झोपली आहे" असं लहानांना सांगू नका, ती शब्दशः घेतात आणि मग झोपायलाच घाबरतात. आजी गेली, ती परत येणार नाही, तिची आठवण आपण ठेवतो, असं सरळ सांगावं. शेजाऱ्यांच्या प्रश्नावर त्यांच्या घरी जाऊन त्यांनाच विचारायला सांगा. चांगले शेजारी आनंदानं दाखवतात.

मुलगा किंवा मुलगी चौदा-पंधराची झाली आणि "मला यायचं नाही" म्हणाली, तर रोजची सक्ती सोडा. फळी पुसायचं काम मात्र त्याच्या पाळीला त्याच्याकडेच राहू द्या, जसं भांडी लावायचं राहतं. त्याच्या नकारावर जेवताना चर्चा नको, आणि पाहुण्यांसमोर तर अजिबात नको.

पुढे

पहिल्या महिन्याभरात स्क्रू एकदा तपासा, मग दर सहा महिन्यांनी. नवं लाकूड आणि नवा प्लग दोन्ही थोडे बसतात, अर्धा फेरा आवळावं लागतं. भोकाभोवती गिलाव्याला भेग दिसली तर फळी उतरवा. आवळून ती भेग थांबत नाही.

मुलं उंच होतील. दोन-तीन वर्षांनी त्यांना पुन्हा त्याच जागी बसवा, डोळ्यांची नवी खूण करा आणि फळी वर घ्या. जुन्या भोकांतले प्लग पक्कडीनं काढा किंवा आत ढकला, भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरा, वाळल्यावर २२० नंबरनं घासा, वर रंगाचा हात द्या. या वेळी भिंतीत ड्रिल कुणी धरायचं, यावर घरात वाद होईल. मोठं मूल तोवर पंधरा-सोळाचं झालं असेल तर चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवा आणि पाकीट धरून तुम्ही बाजूला उभे राहा.